पिसांच्या रंगांचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ

विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याने आपल्या वहीत एक चौकट हमखास काढलेली असते. वरच्या बाजूला पित्याकडून येणारे घटक, डाव्या बाजूला मातेकडून येणारे घटक आणि मधल्या घरांत त्यांच्या संयोगातून संभवणारी संतती. जीवशास्त्राच्या जगभरातील पाठ्यपुस्तकांत ही आकृती पनेट चौकट म्हणून ओळखली जाते. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतो, गुण मिळतात आणि पुढे ती विसरलीही जाते. परंतु हे नाव ज्यांच्यावरून पडले त्या रेजिनल्ड क्रंडल पनेट या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आयुष्याची पन्नासच्या आसपास वर्षे कोंबड्यांच्या सहवासात, त्यांच्या पिसांचे रंग नोंदवण्यात घालवली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. हौशी पक्षिपालकांनी केवळ शोभेसाठी जोपासलेल्या रंगांमागचा नियम त्यांनी शोधला आणि अन्नटंचाईने ग्रासलेल्या देशाला तो उपयोगी पडेल अशी वाट दाखवली. त्या उपयोगाची किंमत मात्र एका दिवसाच्या नर पिलांना मोजावी लागली आणि तिचा हिशेब आजही पुरा झालेला नाही.

पनेट यांचा जन्म २० जून १८७५ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या टॉनब्रिज या गावी झाला. वडील बांधकाम व्यवसायात होते. लहानपणी आंत्रपुच्छाच्या दुखण्यामुळे त्यांना वारंवार अंथरुणास खिळून राहावे लागे. घरात निसर्गविषयक ग्रंथांची एक जुनी मालिका होती. तीच या आजारी मुलाची सोबतीण झाली. पुढे क्लिफ्टन कॉलेज आणि केंब्रिज विद्यापीठातील गॉनविल अँड कीज कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. १८९८ मध्ये त्यांनी प्राणिशास्त्राची पदवी संपादन केली. नेपल्सच्या प्रसिद्ध सागरी संशोधन केंद्रात काही काळ काम करून ते स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले. त्या काळात त्यांचा अभ्यासविषय होता समुद्रातील फीतकृमींसारखे लांबट जीव. विषय कोरडा नसला तरी त्यात आयुष्य काढावे असे त्यांना वाटले नसावे. कारण केंब्रिजला परतल्यावर लवकरच त्यांची दिशा बदलली.

हा बदल घडवला विल्यम बेटसन यांनी. ग्रेगॉर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवर केलेले प्रयोग १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पण पुढे चौतीस वर्षे त्यांची कोणी विशेष दखल घेतली नाही. १९०० मध्ये ते नव्याने प्रकाशात आले आणि इंग्लंडमध्ये त्यांचा झेंडा बेटसन यांनी खांद्यावर घेतला. आनुवंशिकतेच्या शास्त्राला इंग्रजीत आज रूढ असलेले नावही त्यांनीच दिले. त्यांना विरोधकही प्रबळ लाभले होते. मेंडेलचे नियम वाटाण्यापुरते खरे असतील, प्राण्यांना ते लागू पडतातच कशावरून, हा आक्षेप खोडून काढण्यासाठी बेटसन यांनी निवडलेला प्राणी म्हणजे कोंबडी. केंब्रिजजवळच्या ग्रँचेस्टर गावातील त्यांच्या घराच्या आवारात फुलझाडांचे वाफे आणि कोंबड्यांची खुराडी शेजारी शेजारी नांदत होती. १९०४ च्या सुमारास पनेट तेथे सहकारी म्हणून दाखल झाले. त्यानंतरची सहा वर्षे या जोडीने जे काम केले, त्यावर ब्रिटनमधील आनुवंशिकीचा पाया उभा राहिला.

कोंबडीची निवड अनेक कारणांनी सोयीची होती. तिची पैदास लवकर होते, एका जोडीपासून भरपूर पिले मिळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंग्लंडमध्ये हौशी पक्षिपालकांची मोठी परंपरा होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे कोंबड्यांच्या प्रदर्शनांचे जणू वेडच पसरले होते. पिसावर काळ्या रेघेची किनार असलेले, सोनेरी, रुपेरी, आडव्या पट्ट्यांचे, निळसर राखाडी असे नाना वाण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार झाले होते. शास्त्रज्ञाला हवी असलेली सामग्री हौशी मंडळींनी आधीच तयार करून ठेवली होती. नव्हता तो फक्त तिच्यामागचा हिशेब.

हा हिशेब कसा उलगडला, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे निळी अंदालुशियन कोंबडी. तिच्या पिसांचा निळसर करडा रंग प्रदर्शनात भाव खाऊन जाई. पण पालकांची एक कायमची तक्रार होती. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी यांची जोडी लावली की पिलांपैकी निम्मीच निळी निघत. उरलेल्यांत काही काळी तर काही ठिपकेदार पांढरी. ही दोन्ही टाकाऊ मानून वर्षानुवर्षे काढून टाकली जात. असे करत राहिले तर कधीतरी शुद्ध निळा वंश हाती लागेल, ही आशा सुटत नव्हती. बेटसन आणि पनेट यांनी पिले मोजली. काळी एक भाग, निळी दोन भाग, ठिपकेदार पांढरी एक भाग, असे प्रमाण निघाले. अर्थ उघड होता. निळा हा शुद्ध रंगच नव्हे. काळ्याचा एक घटक आणि पांढऱ्याचा एक घटक एकत्र आल्यावर दिसणारे ते मिश्र रूप आहे. निवड कितीही कडक केली तरी निळ्या जोडीपासून सगळी पिले निळी मिळणे अशक्य. आणि जी काळी व पांढरी पिले टाकून दिली जात, त्यांचीच एकमेकांशी जोडी लावली तर मात्र एकूण एक पिले निळी निघतात! टाकाऊ ठरवलेल्या पक्ष्यांतच हवा तो रंग दडलेला होता.

पांढऱ्या रंगाबाबतही असाच एक चकवा समोर आला. दोन वेगवेगळ्या पांढऱ्या वाणांचा संकर केला असता रंगीत पिले जन्माला आली. रंग तयार होण्यासाठी दोन स्वतंत्र घटक लागतात. एका वाणात त्यांतील एक नसतो, दुसऱ्यात दुसरा. दोन्ही एकत्र आले की पणजोबांच्या काळापासून लुप्त झालेला रंग पुन्हा प्रकट होतो. पांढरी फुले येणाऱ्या वाटाणावर्गीय सुगंधी वेलीच्या दोन वाणांतही त्यांना हेच आढळले. संकरातून जांभळी फुले उमलली. कोंबड्यांच्या तुऱ्यांनी तर कमालच केली. गुलाबाकृती तुरा आणि वाटाणाकृती तुरा यांच्या संकरातून अक्रोडासारखा तिसराच तुरा निर्माण झाला आणि पुढच्या पिढीत नऊ, तीन, तीन, एक या प्रमाणात चार प्रकार मिळाले. दोन जनुके परस्परांवर परिणाम करून नवे रूप घडवतात, याचा प्राण्यांतील हा आरंभीचा पुरावा होय. अशा दुहेरी, तिहेरी शक्यता तोंडी मोजताना गोंधळ होऊ नये म्हणून पनेट यांनी त्या चौकटीत मांडण्यास सुरुवात केली. १९०५ मध्ये त्यांनी मेंडेलच्या सिद्धांतावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. या विषयावरील हे पहिलेच पाठ्यपुस्तक मानले जाते. त्याच्या पुढील आवृत्त्यांतून ती चौकट जगभर पोहोचली.

याच काळातील एक प्रसंग गणिताच्या इतिहासातही नोंदला गेला आहे. १९०८ मध्ये एका व्याख्यानानंतर पनेट यांना प्रश्न विचारण्यात आला: एखादा गुण प्रभावी असेल तर काही पिढ्यांनंतर तो सगळ्या समाजात का पसरत नाही? शंका चुकीची आहे हे त्यांना जाणवत होते, पण उत्तर मांडता येईना. केंब्रिजमधील विख्यात गणिती जी. एच. हार्डी यांच्याबरोबर ते क्रिकेट खेळत असत. पनेट यांनी हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. हार्डी यांनी साध्या बीजगणिताने दाखवून दिले की बाहेरून काही ढवळाढवळ झाली नाही तर असे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहते. जर्मनीत विल्हेल्म वाइनबर्ग यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला होता. आज हा नियम हार्डी आणि वाइनबर्ग यांच्या नावाने शिकवला जातो. प्रश्न घेऊन जाणाऱ्याचे नाव त्यात नाही.

बेटसन १९१० मध्ये केंब्रिज सोडून गेले आणि त्यांचे प्राध्यापकपद पनेट यांच्याकडे आले. त्याच वर्षी दोघांनी मिळून आनुवंशिकीला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. १९१२ मध्ये केंब्रिज विद्यापीठात आर्थर बाल्फोर यांच्या नावे आनुवंशिकीचे अध्यासन स्थापन झाले. ब्रिटनमधील या विषयाचे ते पहिलेच अध्यासन होते आणि पनेट हे त्याचे पहिले प्राध्यापक. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना त्याच वर्षी मिळाले. १९१३ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांना अपत्य नव्हते.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटन धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण नव्हता आणि जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवत होत्या. माणसांनाच धान्य अपुरे पडत असताना कोंबड्यांना काय घालायचे, हा प्रश्न उभा राहिला. पनेट त्या वेळी कृषी मंडळाच्या अन्नोत्पादन विभागासाठी काम करत होते. अंड्यांसाठी पाळलेल्या वाणांतील नर पिलांचा उपयोग मर्यादित. पण अंड्यातून बाहेर आलेले पिलू नर की मादी, हे पाहून सांगता येत नसे. तुरा वाढेपर्यंत कित्येक आठवडे सगळ्यांनाच खाऊ घालावे लागे. म्हणजे जवळजवळ निम्मे खाद्य अंडी न देणाऱ्या पक्ष्यांवर खर्च होई. पनेट यांना यावरचा उपाय पिसांच्या रंगात दिसला.

उपायाचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. मनुष्यात लिंग ठरवणारी दोन भिन्न गुणसूत्रे पुरुषाकडे असतात. पक्ष्यांत नेमके उलट असते. कोंबड्याकडे दोन सारखी ‘झेड’ गुणसूत्रे, तर कोंबडीकडे एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. त्यामुळे मादी पिलाला ‘झेड’ गुणसूत्र केवळ बापाकडून मिळते. पिसांच्या सोनेरी आणि रुपेरी रंगाचे जनुक नेमके याच गुणसूत्रावर आहे आणि रुपेरी हा सोनेरीवर प्रभावी आहे. सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी यांची जोडी लावली तर प्रत्येक मादी पिलू बापाचा सोनेरी रंग घेते आणि त्याच्या अंगावरची लव तांबूस बदामी दिसते. नर पिलाला मात्र आईकडून रुपेरी घटकही मिळतो, म्हणून ते फिकट पिवळे निघते. आडव्या पट्ट्यांच्या बाबतीतही असेच. काळा कोंबडा आणि पट्ट्यांची प्लिमथ रॉक कोंबडी यांच्या नर पिलांच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो, मादी पिलांच्या डोक्यावर तो नसतो. अंडी फुटताच, पिलाच्या चोचीत पहिला दाणा जाण्याआधी, त्याचे लिंग नुसत्या नजरेने कळू लागले. हे तत्त्व मांडणारा पनेट यांचा लेख युद्ध संपल्यानंतर १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पद्धतीत एक उणीव होती. रंगाची ही खूण पहिल्या पिढीपुरतीच टिके. संकरित पिले मोठी होऊन त्यांची आपसांत पैदास केली की रंग सरमिसळ होत आणि लिंगाशी असलेला संबंध तुटे. पालकाला दोन्ही मूळ वाण कायम वेगळे सांभाळावे लागत. पिढ्यान्‌पिढ्या खूण टिकवणारा एकच शुद्ध वाण तयार करता येईल का, हा प्रश्न शिल्लक होता. १९२३ मध्ये पनेट यांचा कोंबड्यांच्या आनुवंशिकतेवरील ग्रंथ प्रकाशित झाला. प्रयोग सुरूच होते. त्यांचे सहकारी मायकेल पीझ यांच्यासह ते प्लिमथ रॉक कोंबडीचे पट्टे सोनेरी कॅम्पाइन या बेल्जियन वाणात उतरवत होते. तेव्हा एक गोष्ट नजरेस आली. पट्ट्यांचे जनुकही ‘झेड’ गुणसूत्रावर असते. शुद्ध वंशात नराला त्याच्या दोन प्रती मिळतात, मादीला एकच. हे जनुक रंग फिका करते. दोन प्रती असल्यास अधिकच फिका. काळ्या पिलांत हा फरक पटकन ध्यानात येत नाही. तपकिरी लव असलेल्या पिलांत मात्र तो उठून दिसतो. नर पिले फिकट आणि पुसट, मादी पिले गडद आणि पाठीवर ठसठशीत रेघा असलेली. शिवाय हा फरक प्रत्येक पिढीत जसाच्या तसा उतरत होता. हे निष्कर्ष १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या वाणाचे नाव पडले, कॅम्बार. जन्मतःच रंगावरून लिंग ओळखता येणारा, हेतुपुरस्सर घडवलेला हा पहिला शुद्ध वाण.

कॅम्बार फार काळ चालला नाही. मुळात कॅम्पाइन ही अंड्यांच्या बाबतीत अग्रेसर जात नव्हती. पण तत्त्व सिद्ध झाले होते. पुढे तपकिरी लेगहॉर्नपासून लेगबार तयार झाला आणि त्याच धर्तीवर आणखी वाण निघाले. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कोंबड्यांच्या निळ्या अंड्यांचा रंग एकाच प्रभावी जनुकामुळे येतो, हेही पनेट यांनी १९३३ मध्ये दाखवले. लेगबारच्या दुधी रंगाच्या उपप्रकारात पुढे हे निळे अंडेही आले. मात्र याच सुमारास जपानी तज्ज्ञांनी एक दिवसाच्या पिलाच्या गुदद्वाराची तपासणी करून लिंग ओळखण्याचे तंत्र विकसित केले. हे कौशल्य कोणत्याही वाणाला लागू पडणारे असल्याने मोठ्या उबवणी केंद्रांनी तेच स्वीकारले. पनेट यांचे वाण बहुतांशी परसातल्या पालकांकडे राहिले.

शास्त्राच्या आघाडीवरही त्यांच्या वाट्याला संमिश्र यश आले. काही गुण एकत्रच वारशाने उतरतात, हे बेटसन, पनेट आणि त्यांच्या सहकारी एडिथ सॉन्डर्स यांनी फुलांच्या प्रयोगांत १९०५ मध्येच पाहिले होते. ही जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारी असतात, हे खरे स्पष्टीकरण मात्र अमेरिकेत टॉमस हंट मॉर्गन यांनी फळमाशीच्या आधारे दिले. गुणसूत्रांच्या सिद्धांताबद्दल बेटसन दीर्घकाळ साशंक राहिले आणि पनेट यांनी आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याची साथ सोडली नाही. विषयाचे नेतृत्व केंब्रिजच्या हातून निसटले. त्या काळी मनुष्याच्या ‘वंशसुधारणे’चा विचार अनेक शास्त्रज्ञांना भुरळ घालत होता, पनेट यांनीही १९१७ मध्ये त्यावर लेखन केले. परंतु मंदबुद्धी हा अप्रभावी गुण आहे असे त्यांनी गृहीत धरले, हे आजच्या ज्ञानानुसार चुकीचे ठरले आहे. तरी त्यांच्याच गणिताने त्या कल्पनेतील फोलपणा उघड केला. अप्रभावी घटक धडधाकट माणसांत लपून राहतो, म्हणून केवळ बाधितांना संततीपासून रोखून तो अत्यंत दुर्मीळ करायला आठ हजारांहून अधिक वर्षे लागतील, असे त्यांचे उत्तर आले. काळी आणि पांढरी पिले काढून टाकत राहिल्याने निळा रंग शुद्ध होत नाही, हे खुराड्यात शिकलेल्या माणसाला हे गणित अपरिचित नव्हते.

१९२२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना डार्विन पदक देऊन गौरवले. १९४० मध्ये ते अध्यासनावरून निवृत्त झाले. त्यांच्या जागी पुढे रोनाल्ड फिशर आले. निवृत्तीनंतर पनेट सॉमरसेट परगण्यातील बिलब्रुक गावी राहायला गेले आणि कोंबड्यांच्या रंगांचा अभ्यास तेथेही सुरू राहिला. ३ जानेवारी १९६७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पनेट यांनी मोजून ओळखलेले घटक आता रेणूंच्या पातळीवर सापडले आहेत. आडव्या पट्ट्यांचे जनुक हे मनुष्यात त्वचेच्या एका कर्करोगाशी संबंधित असलेल्या जनुकाचेच कोंबडीतील रूप निघाले. ते रंगपेशींचे आयुष्य अकाली संपवते, म्हणून वाढत्या पिसावर एकाआड एक पांढरा पट्टा उमटतो. तपकिरी अंड्यांच्या व्यापारी संकरांत सोनेरी आणि रुपेरी रंगांवरून पिले वेगळी करण्याची पद्धत आजही वापरली जाते. आणि वेगळ्या केलेल्या नर पिलांचे काय करायचे, हा प्रश्नही तसाच आहे. युद्धाच्या टंचाईत जे अपरिहार्य वाटले ते शांततेच्या काळात व्यवसायाची रीत बनले आणि जगभरात दरवर्षी अब्जावधी नर पिले जन्मताच मारली जाऊ लागली. जर्मनीने २०२२ पासून त्यावर कायद्याने बंदी घातली असून पिलू अंड्यात असतानाच लिंग ओळखण्याची यंत्रे तेथे वापरात आली आहेत. त्यांतील काही यंत्रे उबवणीच्या मध्यावर अंड्याच्या कवचातून प्रकाश सोडतात आणि आतल्या पिलाच्या उगवू लागलेल्या पिसांचा रंग पाहतात. तो सोनेरी असला तर अंडे उबवणीत राहते, रुपेरी असला तर बाजूला काढले जाते.